खालचा जोड

पवनचक्की उभी राहताना लोक बघायला जमतात, फोटो काढतात, कुणीतरी भाषण ठोकतं. उतरवताना चिटपाखरू येत नाही. आम्ही उतरवणारे. वीस-पंचवीस वर्षं गरगर फिरून चक्कीचं वय भरलं की आमच्या टोळीला बोलावणं येतं. आधी तीन पाती उतरवायची, मग पात्यांमागची मशिनची पेटी, जिला आम्ही डोकं म्हणतो, आणि शेवटी टॉवर. टॉवरचं लोखंड भट्टीत वितळून पुन्हा लोखंड होतं. डोक्यातलं तांबं लोक आनंदाने नेतात. पात्यांना मात्र कुणी विचारत नाही. ती काचेच्या धाग्यांची, न कुजणारी, न वितळणारी. ती करवतीने कापायची, दळायची आणि सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवायची.

आमच्याकडे पाती कापणारा जो आहे त्याला सगळे खाजकुयली म्हणतात. काचेची पूड अंगाला चिकटली की दिवसभर खाजतं, आणि हा गडी जिथे बसेल तिथे शेजारचाही खाजवायला लागतो. माणूस सोन्यासारखा, पण जेवताना लांब बसलेला बरा.

मी टोळीचा मुकादम. तीस वर्षं बोल्ट सोडतोय. तापट आहे हे मला ठाऊक आहे, कुणी येऊन सांगायची गरज नाही. माझ्या दोन मुली. थोरली शहाणी निघाली, ऑफिसात पंख्याखाली बसते. धाकटी माझ्यावर गेली. ‘तिथे चढू नकोस’ म्हटलं की ती तिथेच सापडायची. आता तिशीला आली आणि माझ्याच टोळीत टॉवर चढते. तिच्या आईने आठ दिवस डोळे पुसले, मी मात्र आतून फुशारलो होतो. हे कबूल करून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या फुशारकीचा वाटा आहे.

टॉवर एकसंध नसतो. तीन नळकांडी एकावर एक ठेवलेली असतात आणि दोन जोडांवर आतल्या बाजूने गोलाकार बोल्ट आवळलेले असतात. या टॉवरच्या खालच्या जोडात शहाण्णव बोल्ट होते, वरच्या जोडात ऐंशी. नियम असा, की क्रेनने नळकांडं वरून धरल्याशिवाय एकही बोल्ट काढायचा नाही. आणि रीत अशी, की क्रेन यायच्या आदल्या संध्याकाळी निम्मे बोल्ट काढून ठेवायचे. एक काढायचा, एक ठेवायचा. एका रात्रीला तेवढे पुरतात, आणि सकाळी क्रेन आमच्यासाठी ताटकळत नाही. इंजिनिअर लोकांनाही हे माहीत असतं. ते बघून न बघितल्यासारखं करतात.

दुसरी रीत आमची आमचीच. जोड ज्याने सोडला त्याने राहिलेल्या बोल्टांचा आकडा खडूने आतल्या भिंतीवर लिहायचा आणि खाली आपली खूण करायची. तो आकडा मग दुसऱ्याने मोजायचा नाही. मोजलात तर तुम्ही त्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणालात. एकदा एका नव्या गड्याने माझा जोड मोजला होता. मी त्याला त्याच दिवशी टोळीतून हाकलला आणि चार लोकांना ते कौतुकाने सांगितलं.

माझी एक खोड आहे. मी आकडा आधी लिहितो आणि काम नंतर करतो. वर पोहोचलो की पहिला खडू. त्या संध्याकाळीही खालच्या जोडाशी जाऊन मी ‘४८’ लिहिलं, खाली माझी खूण केली आणि पाना चालवायला घेतला. वरच्या जोडाशी धाकटी होती. तिथून तिचा आवाज आला, “मुकादम, वीस झाले! तुमचे?”

कामावर ती मला मुकादम म्हणते. चिडवायचं असलं की जरा जास्तच.

“बोलू नकोस, हात चालव,” मी ओरडलो. माझे चौदा झाले होते.

मग मला चेव आला. बॅटरीचा नवा पाना लोण्यात सुरी जावी तसा चालत होता. एक काढायचा, एक ठेवायचा हे बघत बसण्यापेक्षा मी सलग तीन काढत सुटलो आणि चौथा ठेवला, आधी सोडलेल्या भागातही मागे जाऊन तसंच केलं. असं मी याआधीही केलं होतं, चार-पाच टॉवरना. कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका रात्रीचा तर प्रश्न असतो, सकाळी सहाला क्रेन येतेच. खाली उतरलो तेव्हा शहाण्णवपैकी चोवीसच बोल्ट राहिले होते, बाकीचे पोत्यांत भरून तिथल्याच लोखंडी मजल्यावर ठेवले होते, आणि भिंतीवर आकडा होता ४८. तो बदलायला हवा हे माझ्या लक्षात आलं, ते जेवताना. सकाळी बदलू म्हणून मी झोपलो.

सकाळी क्रेनवाल्याचा फोन आला. वाटेतच त्याचा तेलाचा पाइप फुटला होता, सुटा भाग परगावाहून यायचा होता. क्रेन आता परवा.

मी चहाचा कप खाली ठेवला. समोर टॉवर उभा होता, पाती नाहीत, डोकं नाही, नुसती नळी. सुसाट वाऱ्याला आम्ही तितकं भीत नाही, तो येतो, दणका देतो, जातो. अशा बोडक्या टॉवरला भीती असते ती मध्यम आणि एकसारख्या वाऱ्याची. तो दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातो आणि टॉवरला आडवा हलवायला लागतो. झोपाळ्याला एकाच ठेक्यात हात लावत राहिलं की झोका कसा वाढत जातो, तसंच. त्यासाठी टॉवरभोवती जाड दोर गुंडाळतात, वाऱ्याचा ठेका मोडायला. आमचा दोर ट्रकमध्येच पडला होता. क्रेन येणार म्हटल्यावर कोण गुंडाळत बसतो?

इंजिनिअरबाई दुसऱ्या साइटवर होत्या, गाडीने तीन तासांच्या अंतरावर. धाकटीने त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आम्ही तिघे भोवती उभे राहिलो, मी, धाकटी आणि खाजकुयली.

“दहानंतर वारा वाढणार आहे,” बाई म्हणाल्या. “आणि संध्याकाळपर्यंत एकाच वेगाने वाहणार. नको तोच वेग आहे. मला दोन आकडे सांगा. खोटं नको, मी ओरडणार नाही. वरच्या जोडात किती बोल्ट आहेत?”

“चाळीस,” धाकटी म्हणाली.

“खालच्यात?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं की मी खरं सांगेन. खरंच वाटलं होतं. पण धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि आपला बाप चोवीसावर टॉवर ठेवून घरी जाऊन जेवला हे तिला इथे, फोनवर, खाजकुयलीच्या देखत कळणार होतं.

“अठ्ठेचाळीस,” मी म्हणालो.

“नक्की?”

“मुकादमाला विचारताय का बाई, नक्की म्हणून?” मी चढ्या आवाजात म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

“बरं, बरं. अठ्ठेचाळीस असतील तर दहापर्यंत आत काम करता येईल. दोघं जा, एकेक जोड घ्या, काढलेले बोल्ट परत भरा. पण नीट ऐका. आकडा त्याहून कमी असता तर मी कुणाला आत पाऊल टाकू दिलं नसतं. टॉवर पडला तर पडू दे म्हटलं असतं. रस्ता बंद करा, आणि मला दर अर्ध्या तासाने कळवा. मी निघते.”

फोन बंद झाला. तेव्हा तरी बोलायचं होतं. धाकटी चढायचे पट्टे बांधायला वळली, खाजकुयली रस्त्यावर दोरी लावायला पळाला, आणि मी तिथे उभा राहून मनातल्या मनात हिशेब करत बसलो, की रात्रभर चोवीसावर उभा राहिला, आता दोन तास नाही राहणार? आधी मी आत जाईन, भराभर चोवीस बोल्ट घालीन, अठ्ठेचाळीस होतील, आणि माझं खोटं खरं होऊन जाईल. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला.

“खालच्या जोडाला खाजकुयलीला पाठवा,” धाकटी म्हणाली. “तुमचा गुडघा काय म्हणतोय ते दिसतंय मला.”

“माझा जोड मीच भरणार.”

“बाबा, हट्ट कशाला?”

“सांगितलं ना! आणि मी आधी चढतो, तू मागून ये. जरा थांबून ये.”

“म्हणजे तुम्ही एकेक पायरीवर तासभर उभे राहणार आणि मी खाली तुमचे बूट बघत लटकणार?” ती हसली. “सरका.”

ती झपाझप वर गेलीसुद्धा. टॉवरची वीज कधीच तोडलेली होती, आत काळोख, फक्त तिच्या हेल्मेटवरचा दिवा वरवर जाताना दिसत होता. बॅटरीचा पाना तिच्या पाठीवर होता. वरचं काम लांबचं, म्हणून मीच तो तिला दिला होता. माझ्याकडे हातपाना आणि त्याला लावायची लोखंडी नळी.

मी शिडीला हात घातला. खालचा जोड बावीस मीटरवर, म्हणजे काही फार नाही, पूर्वी मी शीळ घालत चढायचो. आता दर दहा पायऱ्यांवर गुडघा आठवण करून देत होता. वर तिच्या बुटांचा आवाज येत होता, खण्, खण्, एका लयीत. मग आवाज थांबला. ती माझ्या जोडाच्या मजल्यावर पोहोचली होती.

मी पायरीवर थिजलो. तिने नुसती मान वळवली असती तरी दिसलं असतं. छातीच्या उंचीवर गोल जोड, त्यात चारात एक बोल्ट आणि मधली तीन-तीन भोकं रिकामी. पोती तरी केवढी फुगलेली! दिसू दे, मी मनात म्हणालो. दिसू दे, आणि ओरडत खाली येऊ दे. त्याच दमात असंही वाटलं, की नको, नको दिसायला. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि कुठलं जास्त हे मी आज सांगू शकत नाही.

“बाबा!” तिचा आवाज घुमत खाली आला. “माझी पाण्याची बाटली इथे ठेवतेय तुमच्यासाठी. तुमची गाडीतच विसरलीत.”

आणि खण्, खण्, खण्, ती पुढे गेली. तिने जोडाकडे बघितलंच नव्हतं. भिंतीवर बापाचा आकडा होता, बापाची खूण होती. बापाचा जोड मोजायचा नाही हे तिला बापानेच शिकवलं होतं.

मी वर पोहोचलो, बाटली उचलून बाजूला ठेवली. पाणी प्यायची हिंमत झाली नाही. पहिल्या पोत्याची गाठ सोडली, बोल्ट काढला. एकेक बोल्ट चांगला तान्ह्या पोराएवढा वजनाला. भोकात घालायचा, वरून नट बसवायचा, नळी लावून अंगाचा सगळा भार देऊन आवळायचा. पंचवीस. मग समोरच्या बाजूचा. सव्वीस. टॉवर तसा स्थिर होता, अधूनमधून अंगावर काटा यावा तेवढाच थरथरायचा. वरून बॅटरीच्या पान्याचा आवाज येत होता. तिचे भराभर होत होते, माझा एक होईपर्यंत तिचे तीन.

मी घड्याळ बघत नव्हतो. बोल्ट मोजत होतो. एकतीस झाले आणि मला पहिल्यांदा कळलं की पाय आपोआप फाकून उभा आहे. मजला हलत होता. डावीकडे, जरा थांबून उजवीकडे. दहा वाजायला अजून अर्धा तास होता, पण वारा काही घड्याळ लावून बसत नाही.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. खाजकुयली. “मुकादम, शेंडा हलायला लागलाय. इथून दिसतोय.”

“किती?”

“वीतभर असेल. मी मोबाइलवर शूटिंग करतोय, बाईंना दाखवायला.”

“शूटिंग करतोय म्हणे! रस्त्याकडे बघ!”

छत्तीस झाले. हाताला घाम आल्याने नळी निसटली आणि मजल्यावर आपटली. ती उचलायला वाकलो आणि वाकल्या वाकल्याच मला तो उजेड दिसला. जोडाच्या एका बाजूला, रिकाम्या तीन भोकांच्या मागे, केसाएवढी पांढरी रेघ. टॉवर उजवीकडे गेला तशी ती दिसली, डावीकडे आला तशी मिटली. पुन्हा दिसली. बाहेरचा दिवस आत येत होता. तीस वर्षांत मी जोडातून उजेड बघितला नव्हता, आणि बघितलेल्या माणसाला भेटलोही नव्हतो.

या रेघेच्या वर दोन नळकांडी होती, कित्येक टन लोखंड, आणि त्यात माझी पोर.

मी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “खाली ये. आत्ताच्या आत्ता.”

“अजून बारा राहिलेत,” तिचा आवाज आला. “होतील दहा-पंधरा मिनिटांत.”

“सोड ते. खाली ये.”

“का? काय झालं?”

काय झालं ते सांगायला चार शब्द लागले असते. वॉकीटॉकी सगळ्यांचा एकच, खाजकुयली ऐकत होता. मी तोंड उघडलं, मिटलं. रेघ दिसली, मिटली.

“बाबा? कारण सांगा ना. इथे मधेच सोडून कसं येऊ?”

“गुडघा धरला,” मी म्हणालो. “हलता येत नाही.”

“आले!” लगेच, एका क्षणात. पान्याचा आवाज बंद. खण् खण् खण्, चढतानापेक्षा दुप्पट वेगाने. खऱ्याने जे झालं नसतं ते खोट्याने झालं असं मला क्षणभर वाटलं. ते मूर्खपणाचं होतं. खरं सांगितलं असतं तर तीसुद्धा तशीच उतरली असती, फक्त मला तिचं तोंड बघावं लागलं असतं.

ती झडपेतून मजल्यावर आली. “कुठे, बघू? बसा ना खाली, उभे कशाला...” आणि तिच्या दिव्याचा झोत माझ्या गुडघ्यावरून जोडावर गेला.

झोत हळूहळू गोल फिरला, बोल्ट, भोक, भोक, भोक, बोल्ट. तिचे ओठ हलत होते. मोजत होती. मी तिला अडवलं नाही. झोत भिंतीवरच्या ४८ वर गेला, तिथून पोत्यांवर, तिथून माझ्या तोंडावर. मला डोळे मिटावे लागले.

“सकाळी किती होते?”

“चोवीस.”

टॉवर उजवीकडे गेला. रेघ उमटली. तिने ती बघितली. तिच्या घशातून कसलासा आवाज आला, ती पाच वर्षांची असताना झाडावरून पडली होती तेव्हा आला होता तसला, रडू यायच्या आधीचा. पण ती रडली नाही. पाठीवरचा पाना काढला, माझ्या हातातली नळी घेऊन बाजूला फेकली.

“बोल्ट द्या,” ती म्हणाली.

“तू उतर. मी भरतो. तू खाली जा, ऐक माझं.”

“बोल्ट द्या, बाबा!”

मी बोल्ट देत गेलो, ती आवळत गेली. उजेडाच्या बाजूने सुरुवात केली. पंचेचाळीस, पन्नास, साठ. रेघ बारीक झाली, मग दिसेनाशी झाली. टॉवर अजून झुलत होता, पण आता अख्खा झुलत होता, एका तुकड्याचा असल्यासारखा. एकोणऐंशीव्या बोल्टाला बॅटरी संपली, तिने दुसरी लावली. शहाण्णव झाले तेव्हा तिने पाना पुन्हा पाठीवर घेतला.

“आता वरचे बारा,” ती म्हणाली आणि शिडीकडे वळली.

“नको जाऊस. अडुसष्ट आहेत तिथे, पुष्कळ झाले.”

ती वळून बघेल असं वाटलं. तिने नुसतं म्हटलं, “किती आहेत ते मी मोजलेत.” आणि वर गेली.

ती बारा बोल्टांची वेळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वेळ. मी रिकाम्या पोत्यांवर बसून होतो. देवाचं नाव घ्यायला तोंड नव्हतं.

इंजिनिअरबाई पोहोचल्या तेव्हा आम्ही दोघं खाली उतरून ट्रकच्या सावलीत बसलो होतो. खाजकुयलीने सगळ्यांना पाणी दिलं होतं, धाकटीचे पट्टे सोडवले होते, आणि ‘काय बापलेक आहेत!’ असं तीनदा म्हणून झालं होतं. बाई टॉवरकडे गेल्याच नाहीत, आधी त्याच्या मोबाइलवरचं शूटिंग बघितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा थांबवून थांबवून.

“मुकादम, अठ्ठेचाळीस बोल्टांवर हा असा हलायला नको होता,” त्या म्हणाल्या. “खालून मधेच मोडल्यासारखा दिसतोय. जोडाला फट पडली होती का?”

मी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, “नाही, बाई.”

“तू बघितलंस?”

“हो. वर जाताना खालच्या जोडावरूनच गेले ना. अठ्ठेचाळीस होते. मी मोजले.”

पापणी हलली नाही तिची. आवाजही नेहमीचा, उलट जरा त्रासलेला, कुणी उगाच शंका घेतोय म्हणून चढलेला. मी तो आवाज ओळखला. सकाळी फोनवर मी तोच काढला होता.

बाई मान हलवत होत्या. वहीत लिहायला पेन काढलं होतं. सगळं भागलं होतं. माझी मुकादमी शाबूत, तिची नोकरी शाबूत, टॉवर उभा. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी जोडातून उजेड बघताना जी भीती वाटली होती, ती पुन्हा आली, आणि या वेळी हातात पाना नव्हता. या माळावर अजून अकरा टॉवर उतरवायचे होते. उद्या ही कुठल्यातरी जोडाशी खडूने आकडा लिहील, कुणीतरी पोर किंवा पोरगी तिच्यावर विसंबून वर जाईल, आणि आपल्या माणसाला वाचवण्यासाठी खोटं बोललं तर चालतं हे तिने आजच, माझ्यापायी, करून बघितलं होतं. सोपं गेलं होतं तिला.

“बाई, चोवीस होते,” मी म्हणालो.

“बाबा,” धाकटी हळू म्हणाली.

“चारात एक ठेवला होता मी. भिंतीवर खोटं लिहिलं आणि फोनवरही खोटं सांगितलं. हिला काही माहीत नव्हतं. फट पडली होती, उजेड आत येत होता. मी बघितला.”

खाजकुयली खाजवायचा थांबला. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या ओरडल्या नाहीत, सकाळी म्हणाल्या होत्या तशाच. त्यांनी माझा टॉवर चढायचा पास मागितला. मी गळ्यातून काढून दिला. मग त्यांनी धाकटीपुढे हात केला.

“तुझाही.”

“तिचा काय दोष?” मी उठलोच. “ती तर आत अडकली होती! जीव तिचा टांगणीला लागला होता!”

“ती म्हणाली, मी मोजले. माझ्या तोंडावर म्हणाली.” बाई म्हणाल्या. “ती इतकं सहज म्हणते, तर तिच्या शब्दावर मी वर कुणाला पाठवू? मुकादम, तुम्हीच सांगा.”

धाकटीने पास काढला, पट्टी नीट गुंडाळून बाईंच्या हातावर ठेवला. सात वर्षांत तिने एकदाही तो घरी विसरला नव्हता.

बाई टॉवरकडे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

“हेच बोलायचं होतं तर सकाळी फोनवर का नाही बोललात?” तिने विचारलं.

“लाज वाटली.”

“आणि मी शिडी चढले तेव्हा?”

तीस वर्षं मी सगळ्यांच्या अंगावर खेकसत आलो, मला उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नाही. आताही सुचली होती. गुडघा, वेळ, घाई, नशीब, क्रेनवाल्याचा पाइप. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यातलं एकही निघालं नाही.

“तेव्हाही तीच,” मी म्हणालो. “त्या वेळी ती मला तुझ्यापेक्षा मोठी वाटली.”

तिने ऐकून घेतलं. हातमोजे काढून ट्रकमध्ये टाकले, पुढचं दार उघडून आत बसली. नेहमी ती ड्रायव्हरकडे सरकून मला जागा करते. या वेळी सरकली नाही, दार ओढून घेतलं. मी मागे चढलो आणि कापलेल्या पात्याच्या तुकड्यांवर बसून घरापर्यंत आलो.